चार दिवस बाजूला

मुलुंडला रॉकेलच्या रांगेत माझ्या पुढे दोघी शेजारणी डबे घेऊन उभ्या होत्या.

“अगं सुलक्षणा, जानेवारीत एवढा घाम?”

“अंगातून वाफाच निघतात मध्येच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी जायचं वय आहे, आजार नाही. सात महिने झाले, आलीच नाही.”

“सात महिने? गेल्या आठवड्यात तर तू बाजूला बसली होतीस ना!”

“बसते. दर महिन्याला चार दिवस. रात्री झोप लागत नाही, वनमाला. तेवढीच पाठ टेकते.”

“आणि सासूला कळलं म्हणजे? वाट लागेल तुझी.”

“त्यांना केव्हाच कळलंय. आता त्याच कॅलेंडर बघून हाक मारतात, ‘गो, तारीख इली तुझी. बाजूक बस, जेवणाचा मी बघतंय.’”