चौथा कोपरा

सोलापूर स्टँडवर दुधनीची गाडी सुटायची होती. गाडीत माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारी आणि तिची लेक बसल्या होत्या. म्हातारीच्या मांडीवर बाळाची वाकळ होती. शेजारच्या बाईनं ती उलगडून पाहिली.

"काय सुरेख टाके आहेत हो! तुम्ही शिवली?"

"न्हाय, ह्या लेकीनं, ईरम्मानं. आमच्या गावात हिच्यासारखा हात न्हाय कुणाचा."

"आणि ही कोपऱ्यातली ठिगळं?"

"हे हिरवं माझ्या आज्जीच्या लुगड्याचं. हे माझ्या अव्वाचं. तांबडं माझं, दुष्काळात खडी फोडायला नेसत हुते त्याचं."

"चौथा कोपरा रिकामाच ठेवला?"

"तितं बाळाच्या आईचं लागतंय. बाळ घरी आलं की तिनं आपल्या लुगड्याचं ठिगळ लावायचं. आमच्यात तसंच हाय."

"मग बाळ कुठंय?"

"सकाळीच मातीआड केलं."

"अगं बाई!"

"अव्वा, वाकळ इकडं दे. पदराचा तुकडा फाडलाय मी. सुई काढ."

"खुळी का काय? बाळ घरी आल्याबिगर न्हाय लावत, ईरम्मा. पुढच्या खेपेला लाव."

"बाळंत झाले का न्हाय मी?"

"व्हय की गं."

"दूध येतंय. चोळी भिजलीया सगळी."

"हळू बोल. लोक ऐकत्यात."

"ऐकू देत. सुई दे."

"गाडी हलायला लागली बघ. बोटात जाईल."

"जाऊ दे, अव्वा. सुई दे."