आप्पांच्या गाडीचं बटण

आप्पांच्या जुन्या गाडीचं हेडलाइटचं बटण कुणीतरी काढून नेलं, ते सांगितलेलं न्हवं का? तसलं बटण वर्षभर बेळगावात कुठं मिळालं न्हाय. शेवटी आप्पांना घेऊन निपाणीला गेलतो. तिथल्या ओळखीच्या भंगारवाल्यानं डब्यातनं एक बटण काढलं. आप्पांना आता दिसत न्हाय, त्यांनी ते अंगठ्यानं चाचपलं.

"हे आपलंच. ही चीर माझ्याच हातनं पडलीया."

भंगारवाला म्हणाला, "व्हय की. तुमच्या थोरल्या मुलानंच विकलंय मला."

मी तिथंच थोरल्या भावाला, अण्णाला फोन लावला.

अण्णा म्हणाला, "आंधळ्या माणसाला हेडलाइट कशाला लागतोय रं?"

फोनचा आवाज मोठा होता. आप्पांनी बटण भंगारवाल्याच्या हातात परत ठेवलं.

"उद्या येऊन गाडीबी घेऊन जावा," म्हणाले.