हार घातलेला फोटो

मी एका पिक्चरमध्ये मेलो होतो, हे तुम्हाला कधी सांगितलंय का? आमच्या सारसोळ्यातल्या शेजाऱ्यानं उसन्या कॅमेऱ्यावर तो काढला. पिक्चरची गोष्ट अशी, की गावातलं केबल चॅनल उद्या मरणाऱ्यांचे फोटो आजच दाखवतं आणि सगळं गाव वेडंपिसं होतं. त्यात माझाही हार घातलेला फोटो होता. तेव्हा पिक्चर कोणी बघितला नाही. आता ऐरोलीची कॉम्प्युटरवाली मुलं तो पुन्हा पुन्हा लावतात, त्यातली वाक्यं एकमेकांना ऐकवतात.

त्यांच्यातल्याच कोणीतरी माझ्या फोटोचा तेवढाच तुकडा मोबाईलवर पाठवला. फिरत फिरत तो खांदेश्वरला माझ्या धाकट्या भावाकडे गेला. बापाची होडी मी त्याला न विचारता विकली, तेव्हापासून बारा वर्षं तो माझ्याशी बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. बघतो तर भाऊ, डोकं भादरून आलेला. मोठा भाऊ गेला की धाकट्यानं केस काढायचे, ही आमची रीत.

"दादा, तू हाय?"

"हाय रे. तो पिक्चर व्हता. आत ये."

बायको आतून म्हणाली, "भावजी, आता जेवूनच जा."

तो उंबऱ्यातच उभा राहिला. डोळे रडून सुजले होते.

"गेलास म्हनून समदं माफ केलं व्हतं मी."

"मग तसंच ऱ्हाऊ दे की."

"जित्याला कसं करू, दादा?" म्हणाला, बोडक्या डोक्याला रुमाल बांधला आणि जिना उतरला.