सहाव्या अर्जावरची सही

मिनेसोटातल्या एका लहान गावच्या बेकरीत लोरेटा रांगेत उभी होती. तिच्यापुढे दोन महिला पोलीस बोलत होत्या.

"सिग्ने, साहेबांनी सही केली!"

"पिस्तुलाच्या लांब मॅगझिनच्या नियमावर? खरंच, मार्वा?"

"अगदी खरं! आता ड्यूटीच्या पिस्तुलात सतराऐवजी एकवीस गोळ्या."

"तीन वर्षं पिच्छा पुरवलास गं त्यांचा."

"सहा अर्ज केले. गोदामातल्या चकमकीत माझ्या गोळ्या संपल्या. मी मॅगझिन बदलेपर्यंत माझ्या सोबतच्या वेन्डेलच्या खांद्यात गोळी घुसली. कसं गप्प बसू?"

"त्याला सांगितलंस?"

"सगळ्यांत आधी! उजवा हात अजून वर जात नाही त्याचा. डाव्या हातानंच अशी घट्ट मिठी मारली, की माझा बिल्ला मलाच रुतला!"

लोरेटानं पिशवी खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. मग सगळी रांगच टाळ्या वाजवू लागली.