गाडी व्हाळातून येते

लिहून घेताय तर आधीच सांगतो, मी चौथी शिकलेला माणूस. तुमच्यासाठी जरा शुद्ध बोलतोय, पण राग आला की माझी मालवणीच बाहेर पडते, ती तशीच लिहा, सुधारू नका. नाव वासुदेव. वाडीत सगळे वासू म्हणायचे, आता केस पिकले म्हणून वासूआजो म्हणतात. जन्म ह्याच घरात, कट्टा गावच्या बाजारापासून चालत पाऊण तास, डांबरी रस्ता वर आणि आमचं घर खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला. शाळा वर होती, चढायचा कंटाळा, म्हणून चौथी. खोटं कशाला सांगू?

पुढे चिरेखाणीवर लागलो. आधी चिरे भरायला, मग ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर. अख्खी उमर मी जांभ्याचे चिरे वाहिले, ह्या पट्ट्यातलं एक घर दाखवा ज्याच्या जोत्यात माझ्या ट्रकचा चिरा नाही. ट्रक मालकाचा होता, चिरे गिऱ्हाइकाचे होते, माझा होता फक्त घाम. आणि रात्री घरी यायचं तर ट्रक वर रस्त्याला लावून तीनशे पावलं खाली उतरायचं, कारण आमच्या घराला गाडीची वाट नाही.

वाट नाही म्हणजे काय, तर आहे, पण ती शांतारामच्या जागेतून जाते. शांताराम माझा चुलत भाऊ, माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा आणि त्या दोन महिन्यांचा माज त्याला अजून आहे. आमच्या बापांच्या वेळी तिथून बैलगाडी जायची. ह्याने दोन्ही बाजूंनी गडगा घातला, गडगा म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, आणि मध्ये ठेवली एक फट, एका माणसाने कुशीवर होऊन जायची. मी म्हटलं, गडगो काढ. तो म्हणाला, माग मरे. देवळात पाच जणांसमोर नारळ ठेव आणि वाट माग, त्याच दिसाक काढतंय. मी म्हटलं, वाट माझ्या बापाशीची, ती मागूची कित्याक? तो म्हणाला, मग रव तसोच. राहिलो तसाच. दहा-बारा वर्षं झाली असतील, आम्ही बोललो नाही.

आता तुम्ही म्हणाल, एक नारळ ठेवला असता तर काय बिघडलं असतं? सगळे तेच म्हणतात. आमचा झील, म्हणजे मुलगा, मुंबईला असतो तो, तोही म्हणतो. ठेवला नाही. नाही म्हणजे नाही.

पण ह्यात भोगलं तिने. आमची म्हातारी, माझी बायको शेवंता. तिचं माहेर वालावल. तिचे गुडघे आधीच गेलेले, त्यात तीन वर्षांमागे ती विहिरीजवळ पडली. उचलून नेणार कसं, तर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि चौघांनी खांद्यावर घेतलं. त्या फटीतून खुर्ची जाईना. तिरकी केली. हिचा पदर दगडात अडकला, डोकं उघडं पडलं, आणि शांतारामच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, त्याची सगळी माणसं उभी राहून बघत होती. काय सांगू तुम्हाला, तिने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. घरी परत आणल्यावर म्हणाली, माका त्या खुर्चेत परत बसवू नकात. आता मेल्यावरच चार जणांनी उचलूक व्हया.

आणि बसली नाही. डॉक्टर म्हणाला होता, मोडलेलं काही नाही, आठवड्यातून दोनदा मालवणला आणा, व्यायाम शिकवतो, आजी चालतील. आणणार कशी? दोन वर्षं बाई मागच्या पडवीपासून पुढच्या खळ्यापर्यंत. भाचीचं लग्न झालं वालावलला, ही गेली नाही. नवं पातळ आणलं होतं, ते तसंच ट्रंकेत.

तेव्हा मी ठरवलं, गाडी घ्यायची. झील म्हणाला, बाबा, छोटी घेऊया, वर रस्त्याला ठेवूया. मी म्हटलं, रस्त्याला ठेवूक मी ट्रक ठेवलंय उमरभर. माका घराच्या दारात येणारी गाडी व्हयी. तो म्हणाला, वाट कुठे आहे? मी म्हटलं, व्हाळ आसा. आमचा व्हाळ वर साकवाखालून, म्हणजे छोट्या पुलाखालून, रस्त्याला मिळतो आणि खाली आमच्या परसापर्यंत येतो. पावसाळा सोडला तर घोट्याएवढं पाणी. व्हाळ सरकारचा, म्हणजे कोणाचा नाही, म्हणजे माझाही.

कुडाळला शोरूममध्ये गेलो. तिथला पोरगा गळ्यात पट्टा बांधून. मी बोट दाखवलं ती गाडी, उंच, चारी चाकं ओढणारी. तो म्हणाला, आजोबा, ही तरुण मुलं घेतात, अ‍ॅडव्हेंचरसाठी. मोबाईलवर दाखवलं मला, बर्फात चाललीय, वाळवंटात चाललीय. मी म्हटलं, ह्या सगळा रवांदे, माका माझ्या घरात जावचा आसा, जाईत काय? तीच घेतली. लोक विचारतात, एवढे पैसे कुठले, काजूची बाग विकलीस काय. विकली की राखली ते माझं मी बघीन.

गाडी आणायच्या आधी आठ दिवस मी काठी घेऊन व्हाळ फिरलो. कुठला धोंडा हलतो, कुठे वाळू पाय गिळते, सगळं बघितलं, पहारीने धोंडे बाजूला केले. मग एका सकाळी लो गियर टाकला आणि उतरलो. झील बाजूला बसून देवाचं नाव घेत होता. मी घेतलं नाही, माझं लक्ष धोंड्यांवर होतं. चिऱ्यांचा भरलेला ट्रक चिखलातून काढणाऱ्याला ही गाडी म्हणजे पाळणा. शेवटचा काठ चढली आणि तुळशीसमोर येऊन थांबली. त्या अंगणात चाकाचा आवाज बैलगाडीनंतर पहिल्यांदा.

आता नारळ फोडायचा, गाऱ्हाणं घालायचं. आणि इथे घोटाळा. आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान शांतारामच्या घराचा. नवीन गाडी असो, नवीन घर असो, तो येणार, हात जोडून देवाला सांगणार, आणि बाकीचे व्हय म्हाराजा म्हणणार. मी बोलावलं नाही. स्वतः नारळ घेतला आणि म्हटलं, बा देवा म्हाराजा, ही गाडी मी कोणाक न विचारता हाडलंय, कोणाच्या जाग्यातसून न्हेवचंय नाय, हिका सांभाळ. हाडलंय म्हणजे आणली. एवढं बोलून थांबलो. व्हय म्हाराजा म्हणायला कोण? झील, शेजारी, सगळे मान कोणाचा ह्याच हिशेबात. तेवढ्यात खळ्यातून शेवंता बसल्या जागेवरून मोठ्याने ओरडली, व्हय म्हाराजा! नारळ फुटला. सरळ दोन भकलं.

आणि मग ती गाडीत चढायला आली आणि चढता येईना.

हसू नका. गाडीचा पाय ठेवायचा दांडा तिच्या मांडीपर्यंत. गुडघा वाकतच नाही तर ती चढणार कशी? मी इंजिन बघितलं, चाकं बघितली, बायकोचा पाय मोजला नाही. अख्खी वाडी हसली. शांतारामने त्याच्या खळ्यातून ओरडून सांगितलं, क्रेन मागव रे! मी दोन दिवस जेवलो नाही.

तिसऱ्या दिवशी उठलो, परसात जुने चिरे पडले होते, त्यांच्या दोन पायऱ्या रचल्या गाडीला लागून. उमरभर दुसऱ्यांची जोती उभी केली, हे माझं. ती चढली. पण चढून जायचं कुठे? मालवणला उतरणार कशी, परत चढणार कशी? चिरे बरोबर नेऊ? घरात पूजेचा चौरंग होता, उंची बरोबर. मी तो खाली ठेवला तर ती किंचाळली, देवाच्या चौरंगार पाय ठेवू? डोक्याक लागला काय तुमच्या? मग सुताराकडे गेलो, म्हटलं फणसाचा चौरंग बनव, मजबूत, उचलायला दोरी लाव. तो म्हणाला, पूजा कधी? मी म्हटलं, रोज.

पहिल्यांदा कट्ट्याच्या बाजारात थांबलो, तिला बांगड्या भरायच्या होत्या. मी उतरलो, मागून चौरंग काढला, तिच्या दारासमोर वाकून ठेवला, हात दिला. मी कोणासमोर वाकलेला माणूस नाही, हे कट्ट्याला माहीत आहे. चहाच्या दुकानातून एक जण ओरडला, काय रे वासू, बायलेची पाद्यपूजा करतंस काय? मी म्हटलं, करतंय. तुझी बायल डोक्यार भारो घेवन मागसून येता, तिका बघ आदी. त्याने तोंड चहाच्या कपात घातलं. शेवंता खाली उतरली, पदर नीट केला आणि हळूच मला म्हणाली, चौरंग डुगडुगता, खाली दगड घाला. बाईने आभार मानले असं तुम्हाला वाटलं काय!

मग आठवड्यातून दोनदा मालवण. डॉक्टर पाय उचलायला लावायचा, ती शिव्या घालायची, मी बाहेर चौरंगावर बसायचो. वालावलला गेलो, ट्रंकेतलं पातळ नेसून. देवळाच्या तळ्याकडे ती भावाबरोबर उभी राहिली, काठी टेकून, पण उभी.

आणि आला पावसाळा. व्हाळ भरला. गाडी वर रस्त्याला, ताडपत्री घालून, माझ्या ट्रकसारखी. शांतारामने माणूस पाठवला, निरोप दिला, आता तरी वाट माग. तुम्हाला खरं सांगतो, त्या दिवशी मी डळमळलो. तिची दोन वर्षं डोळ्यासमोर आली. मी तिला म्हटलं, ठेवतंय नारळ. ती म्हणाली, गुडघे माझे, हट्ट तुमचो, पण माका त्या फटीतसून एकदा माझ्या पायांनी जावचा आसा. मगे काय ता करा.

गेली. मी चौरंग डोक्यावर घेऊन मागे, पाऊस वरून. वीस पावलं झाली की चौरंग खाली, ती बसणार, श्वास घेणार, उठणार. फटीसमोर, शांतारामच्या खळ्याच्या अगदी पुढ्यात, म्हणाली, ठेवा. बसली. चांगला वेळ बसली. शांताराम बाहेर आला, म्हणाला, वहिनी, सांगा ह्याका, एक नारळ. ती म्हणाली, भावजी, गडगो रवांदे तुमचो. आमी जातो. आणि उठून, कुशीवर होऊन, पदर हाताने धरून, फटीतून गेली. दगडाला लागली नाही कुठे.

आता आठवड्यातून दोनदा असंच. नारळ मी ठेवला नाही, ती ठेवू देत नाही. तुम्ही लिहिताय तर एवढं लिहा. बा देवा म्हाराजा, शांतारामाच्या घरादाराक बरा कर, त्याचो गडगो त्याका लखलाभ. माझ्या गाडयेची चाकां राख, हिचे गुडघे राख, आणि पाऊस सरलो की व्हाळाचा पाणी घोट्याखाली हाड, मी गाडी परत दारात हाडतलंय, कोणाक विचारूचंय नाय.

ऐकलंत? आतून कोण म्हणालं ते? तेही लिहा. व्हय म्हाराजा.