एका ओळीची जागा

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रंगकारखान्याचे मालक मोठे साहेब, मुद्दाम वेळ काढून आलेले आपले जुने रंगमास्तर, आजच्या सत्कारमूर्ती ताई, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागच्या दाराशी उभे असलेले माझे सहकारी,

मला दोन शब्द बोलायला सांगितले आहेत. व्यवस्थापकानं दोन शब्दांत आटोपल्याचं ऐकिवात नाही, तरी प्रयत्न करतो.

ताईंनी इथे एकतीस वर्षं काढली. धाग्याच्या कोणत्या छटेला कोणता रंग किती घालायचा, हे त्यांच्या खोलीतला कॉम्प्युटर सांगतो. चार हजार छटा आहेत त्यात. घरगुती मशीन, टीव्हीला जोडायचं. त्यावरचा प्रोग्रॅम ताईंच्या यजमानांनी लिहिला. ते आपल्याकडे वायरमन होते. शिकले कुठे म्हणाल, तर इथेच, जेवणाच्या सुट्टीत, पुस्तक मांडीवर घेऊन.

पुढे ते देवाघरी गेले. वर्षभरात मशीनही जळालं. मोठ्या साहेबांनी त्याच कंपनीचं पुढचं मॉडेल कुठूनसं पैदा केलं. नवं म्हणजे काय, आज तेही म्हातारंच आहे. पण जुना प्रोग्रॅम त्यावर पहिल्याच पडद्याशी अडायला लागला. का? ताईंनी मला चार वेळा समजावलं आणि चारही वेळा मी मान हलवली. डोक्यात राहिलं ते एवढंच, की नव्या मशीननं आतलं सामान हलवलं होतं आणि प्रोग्रॅम जुन्याच फडताळात हात घालत होता. ताईंनी तीन महिने खपून इलाज शोधला. एकोणीस आकडे. तेवढे आत घातले की गाडी रुळावर.

रोज सकाळी नऊला ताई दार लोटून दहा मिनिटं आत बसायच्या. आम्हाला वाटायचं, असेल त्यांचा थाट. निरोपाची तारीख ठरली तेव्हा मी शिकून घ्यायला शेजारी जाऊन बसलो. डिस्कवरून प्रोग्रॅम चढायला मशीननं आठ-नऊ मिनिटं घेतली आणि मग पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एक ओळ आली, "चहा घेतलास का गं?" ताई क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. मग कागदाकडे न बघता त्यांनी एकोणीस आकडे टाइप केले आणि ओळ गेली.

मी म्हटलं, "ताई, हे रोज कशाला? एकदाच डिस्कवर लिहून टाका ना."

"प्रोग्रॅम ठासून भरलाय," ताई म्हणाल्या. "हे आकडे मावतात ते फक्त त्यांच्या त्या ओळीच्या जागी. असे टाइप केले तर बटण बंद केल्यावर पुसले जातात आणि सकाळी ओळ परत येते. डिस्कवर लिहिले की ती कायमची गेली."

"मग नक्कल काढून तिच्यावर लिहू," मी शहाणपण पाजळलं.

"नक्कल चालत नाही. त्यांनीच कुलूप घातलंय. बायकोचाही भरवसा नव्हता." आणि त्या हसल्या.

मंडळी, माझी अवस्था इकडे आड तिकडे विहीर. ओळ पडद्यावर असते तेवढ्या अर्ध्या मिनिटात आकडे टाइप झाले नाहीत, तर मशीन मुकं होऊन बसतं. मी दोन बोटांनी टाइप करणारा माणूस. महिनाभर रोज प्रयत्न केला, एकदाही जमलं नाही. आणि रोज ताईंच्या मागे लागलो, डिस्कवर लिहा, डिस्कवर लिहा. त्या नुसतं "बघू" म्हणायच्या. जोर तरी किती करणार? आणि कारखाना तरी कसा बंद ठेवणार?

शेवटी काल एक युक्ती केली. संध्याकाळी ताई बटण बंद करायला निघाल्या, तेव्हा म्हटलं, राहू द्या, मी करतो. आणि केलं नाही. आज सकाळी त्या आल्या तर मशीन चालूच. मला वाटलं, शेवटच्या दिवशी तेवढाच त्रास वाचला. बटणावर चिकटपट्टी लावली आहे. सगळ्यांना बजावून सांगतो, ते बटण यापुढे कुणी, कधीही...

एक मिनिट. ताई काहीतरी सांगताहेत.

माफ करा. ताई म्हणतात, इथे येण्याआधी त्यांनी चिकटपट्टी काढून बटण बंद केलं. सकाळी ओळ दिसली नव्हती, म्हणून पुन्हा चालू करून एकदा बघितली. आणि मग... काय ताई? मग डिस्कवर लिहून टाकलं. उद्यापासून कुणालाच काही टाइप करावं लागणार नाही, म्हणतात.

मंडळी, महिनाभर मी हेच मागत होतो. आता हातात पडलंय तर कुठे ठेवावं कळत नाही. ताई, मी तुमची शेवटची सकाळ घालवली, आणि मला ते कळलंसुद्धा नाही. आता परत कुठून आणून देऊ?

मोठ्या साहेबांचे आणि रंगमास्तरांचे आभार. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आपलेही आभार. बोलण्यात कुणाचा उल्लेख राहिला असेल, शब्द इकडेतिकडे झाला असेल, तर तो पोटात घाला. बटणाची चूक मात्र पोटात घालू नका, ती माझी मलाच राहू द्या.

बाहेर चहा मांडला आहे. ताईंना कुणी विचारू नका. मी विचारतो.