बँकेच्या कागदावरची ओळ

मंडळी, ऐका. दूरच्या माणसाकडे काही पाठवायचं, तर वाट कोणती धरावी — लवकर पोचवणारी, की मन पोचवणारी? वेंगुर्ल्याच्या भिकाजी आरोलकरांना याचं उत्तर बँकेत मिळालं. हसू नका. बँकेतही देव भेटतो, फक्त आपला टोकन नंबर लागावा लागतो!

आरोलकरांचा काजूचा कारखाना. एकुलती लेक, वृंदा. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं नि मस्कतला गेली. बापानं बोलणं टाकलं. सहा वर्षं — एक शब्द नाही. लेकीनं तिकडे दुकान काढलं, आणि काजू मागवला तो बापाच्याच कारखान्यातून. मागणी यायची दिवाणजी मोचेमाडकरांकडे, पैसे यायचे बँकेत. व्यवहार चालू, बोलणं बंद. आहेत ना अशी घरं? माना खाली घालू नका, मी नावं घेत नाही.

आता बँकेची वाट लांबची. पैसे यायला चार दिवस, आणि मधल्या बँका आपापला वाटा कापणार. मोचेमाडकर म्हणाले, "शेठ, नवी सोय निघालीय. मोबाइलवरून तासाभरात पैसे, कापतातही थोडेच. वृंदाताई विचारतात, त्या वाटेनं पाठवू का?"

"माका जुनीच होयी," आरोलकर म्हणाले.

का? तर बँकेच्या कागदावर, पैसे कशाचे, ते लिहायची एक ओळ असते. वृंदा तिथे बिलाचा नंबर घाली, आणि उरलेल्या जागेत दोन-तीन शब्द. 'आईची कंबर कशी?' कधी, 'फणस लागले का?' आरोलकर तो कागद मागून घेत, घडी करून खिशात ठेवत. उत्तर एकदाही दिलं नाही. एवढी ओढ — आणि ताठाही तेवढाच.

मोचेमाडकरांनी कारखान्याचं भलं पाहिलं, परस्पर होकार कळवला. पुढचे पैसे तासात आले. आरोलकर बँकेत गेले. खिडकीवरच्या कांदळगावकर बाई म्हणाल्या, "काका, जमा झालेत की."

"आणि कागद?"

"या वाटेनं नुसता आकडा येतो, काका."

ते बाकावर बसले. बराच वेळ उठलेच नाहीत.

त्याच आठवड्यात कळलं, मालात दोन डबे कमी गेलेत. मोचेमाडकर म्हणाले, "पुढच्या बिलात वळते करू."

"नाही. पैसे परत पाठवायचे. बँकेतून."

बाईंनी फॉर्म पुढे केला. "कारण लिहा. जागा थोडी आहे हं."

सहा वर्षांचं बोलणं, मंडळी, आणि जागा बोटभर! पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं — 'वृंदा, घराक ये.'

एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. पाचव्या दिवशी कारखान्यातला फोन वाजला.

"बाबा, इथली बँक विचारतेय, हे पैसे कसले. तुम्ही बिलाचा नंबरच घातला नाही."

"मग तू काय सांगितलंस?"

"वडील बोलावतायत, म्हटलं. शुक्रवारी निघतेय, बाबा."

आरोलकरांनी फोन ठेवला, आणि मोचेमाडकरांसमोरच डोळ्यांना उपरणं लावलं.

आता तुमचं सांगा. देणंघेणं चालू आणि बोलणं बंद — असं कोण आहे तुमचं? भाऊ? सून? जुना मित्र? घरी गेलात की आधी त्याला हाक मारा, मग माझ्या पांडुरंगाला. तो थांबेल. त्याला सवय आहे.